नखावर चौदा गीझर

एक टँकर घ्या. हिंजवडीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला टँकर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. दहा हजार लिटर पाणी, सोसायटीच्या गेटातून रिव्हर्स येताना होणारा तो पीं-पीं आवाज, आणि महिनाअखेरीस मेंटेनन्सच्या बिलात उमटणारा त्याचा आकडा. आता या टँकरमधलं पाणी उकळायला ठेवा. सगळंच्या सगळं. थेंबही मागे ठेवायचा नाही, पार वाफ करून टाकायची.

तीस अंशांवरचं पाणी शंभर अंशांपर्यंत नेणं हे त्यातलं किरकोळ काम. खरी उधळपट्टी तिथून पुढे. शंभर अंशांच्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायची, म्हणजे थर्मामीटरचा पारा केसभरही न हलवता, तर किलोमागे २,२५७ किलोज्यूल मोजावे लागतात. तापवायला लागली त्याच्या पावणेआठ पट! शाळेत ‘सुप्त उष्णता’ असं एका मार्काचं उत्तर लिहून आपण मोकळे झालो आणि आकड्याकडे बघितलंच नाही. तर बघा: टँकरभर पाण्याला २,२५७ कोटी ज्यूल. विजेच्या भाषेत सव्वासहा हजार युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेबासष्ट हजार रुपयांची वीज, आणि हाती काय, तर वाफ.

रुपयांनी पोट भरत नसेल तर रेल्वे घ्या. हजार टनांची एक गाडी धरा: इंजिन, सतरा-अठरा डबे, माणसं, सामान, कर्जतला घेतलेले बटाटेवडेसुद्धा. कर्जतपासून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंतचा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. घर्षण वगैरे विसरून जा, नुसतं एवढं वजन एवढं उंच उचलायचं तर ५४० कोटी ज्यूल लागतात. म्हणजे सोसायटीत आलेल्या एका टँकरची वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात चार अख्ख्या आगगाड्या बोरघाट चढून जातात. एकामागून एक, चार. आणि वर थोडी शिल्लक राहते, ती लोणावळ्याच्या चिक्कीवर उडवा.

हे झालं ऊर्जेचं. आता जागेचं बघू, कारण आजच्या गोष्टीतला खरा राक्षस तोच आहे.

एक लिटर पाण्याची वाफ नेहमीच्या हवेच्या दाबाला जवळपास १,६७० लिटर जागा मागते. एक विहीर घ्या, सहा मीटर व्यासाची, दहा मीटर खोल, काठोकाठ भरलेली. तिच्यात दोन लाख ८३ हजार लिटर पाणी मावतं. तिची वाफ केली की तेवढ्याच आकाराच्या १,६७० विहिरी लागतील, नुसती वाफ साठवायला. आणि पवना धरण? पिंपरी-चिंचवडच्या नळांना पाणी देणारं, साडेआठ टीएमसीचं? ते काठोकाठ वाफेने भरायचं म्हटलं तर मावळातल्या अशा जेमतेम पाचशे विहिरी उपसाव्या लागतील. पाचशे विहिरींत अख्खं पवना!

तर हे असं पदार्थाचं रूप बदलणं. गाड्या घाटावर चढवण्याइतकी ऊर्जा गिळणारं आणि विहिरीचं धरण करणारं. आता हाच सगळा प्रकार आपल्याला काही मिलिमीटर रुंदीच्या फटीत कोंबायचा आहे. तोही वाहत्या पाण्यात. तोही सेकंदाला हजार वेळा.

असं कुठे घडतं का? चाकण, पिंपरी, आकुर्डी या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात घडतं. तुमच्या गाडीत घडतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, लिटरला पंधरा किलोमीटर, ताशी नव्वद. तासाभरात सहा लिटरच्या वर पेट्रोल जळतं. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर या एका प्रवासात सिलिंडरांत मिळून तीन लाख स्फोट होतात. तीन लाख! आपण मागे गाणी लावून बसलेलो असतो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा इंजिनाभोवतीच्या कूलंटच्या गळ्यात पडतो, आणि तो इतका असतो की त्यात तीस लिटर पाण्याची वाफ होऊन उडून जावी. गाडीत कूलंट असतं पाच-सहा लिटर. आणि पुण्याला पोचल्यावर ते किती उरतं? पाच-सहा लिटर.

ही जादू सिलिंडर हेडमध्ये होते. धूर बाहेर जाण्याच्या दोन व्हॉल्व्हच्या मधली जी अरुंद पट्टी, तिथे धातू सगळ्यात जास्त तापतो. तिच्या मागून कूलंटचा काही मिलिमीटरचा रस्ता जातो. प्रवाहाच्या मधोमध कूलंट असतं नव्वद अंशांच्या आसपास. कूलंटमध्ये मिसळलेलं ग्लायकॉल आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब यांमुळे ते उकळायला एकशेवीस अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे कूलंट उकळायला अजून बरंच लांब आहे. पण धातूला चिकटून असलेला जो पातळ थर, त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. तो उकळतो. भिंतीवर बुडबुडे फुटतात, वाढतात, भिंत सोडतात, मधल्या गार प्रवाहात शिरतात आणि तिथल्या तिथे विरघळून पुन्हा पाणी होतात. काठावर उकळी, मध्ये गारवा. इंजिनिअर लोक याला सबकूल्ड फ्लो बॉइलिंग म्हणतात. हे का आणि कसं, याची समीकरणं त्यांनाच लखलाभ. आपण बुडबुडा मोजू.

बुडबुड्याचा जन्म होतो खड्ड्यात. धातू कितीही गुळगुळीत वाटला तरी त्यावर बारीक ओरखडे असतात, आणि त्यांत वाफेचा किंवा हवेचा कण अडकून बसलेला असतो. धरा, दहा मायक्रॉन रुंदीचा खड्डा. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे सात खड्डे शेजारी शेजारी बसतील. एवढ्याशा खड्ड्यातून बुडबुडा बाहेर काढायला पाणी उत्कलनबिंदूच्या सहा-सात अंश पुढे न्यावं लागतं. आणि खड्डाच नसेल तर? अगदी निर्मळ पाणी, अगदी निर्मळ भांडं, कुठेही बूड टेकवायला जागा नाही? मग पाणी शंभराला उकळत नाही, दोनशेला उकळत नाही, तत्त्वतः तीनशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते तसंच पाणी म्हणून राहू शकतं! आपल्या चहाचं आधण शंभर अंशांना उकळतं हे पातेल्याच्या ओरखड्यांचे उपकार.

खड्ड्यातून डोकं वर काढताना बुडबुड्याची त्रिज्या पाच मायक्रॉन. पूर्ण वाढला की अडीचशे. पन्नास पट. आकारमान सव्वा लाख पट. आणि वेळ किती? मिलिसेकंदाचा काही भाग. नुकतं जन्मलेलं अर्ध्या मीटरचं बाळ त्याच प्रमाणात वाढलं तर पंचवीस मीटरचं होईल, आठ मजली इमारतीएवढं, आणि तेही सुईणीच्या ओठांतून ‘मुलगा’ की ‘मुलगी’ हा शब्द निघायच्या आत.

मग मरण. गार पाण्याचा स्पर्श झाला की सव्वा लाख पटींचा तो डोलारा उलट्या दिशेने कोसळतो. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं मिळून साधारण एक मिलिसेकंद, कुठे कमी, कुठे थोडं जास्त. सेकंदाचा हजारावा भाग. अमेरिकेत एफ. सी. गुंथर यांनी १९५१ साली या बुडबुड्यांचं चित्रण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांना सेकंदाला वीस हजार चित्रं टिपणारा कॅमेरा लागला. आपला सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो. गुंथर यांचं एका सेकंदाचं चित्रण थिएटरात लावलं तर जवळपास चौदा मिनिटं चालेल. त्या चौदा मिनिटांत एका बुडबुड्याचं अख्खं आयुष्य पडद्यावर किती दिसेल? वीस चित्रं. पॉपकॉर्न तोंडात टाकेपर्यंत नायक जन्मला, वाढला, वारला.

एक आयुष्य म्हणजे एक पिढी असं धरू, आणि माणसाची पिढी पंचवीस वर्षांची. शिवराज्याभिषेक १६७४ सालचा. त्याला साडेतीनशे वर्षं झाली, म्हणजे चौदा पिढ्या. बुडबुड्यांच्या जगात रायगडावरच्या सोहळ्यापासून हिंजवडीच्या आयटी पार्कपर्यंतचा सगळा इतिहास चौदा मिलिसेकंदांत उरकतो. तुम्ही पापणी मिटून उघडलीत की पाव सेकंद गेला, अडीचशे पिढ्या गेल्या. माणसाच्या हिशेबाने सव्वासहा हजार वर्षं. हडप्पा आणि मोहेंजोदडो वसायच्या आधीपासून आजपर्यंत, एका पापणीत.

आणि या क्षणभंगुर जिवाच्या पोटात काय दडलंय ते बघा. अर्धा मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा. मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यातल्या वाफेचं वजन एका ग्रॅमच्या दोन कोटी भागांतल्या एका भागाहूनही कमी. एवढ्याशा वाफेत पाण्याचे रेणू आहेत १,३०० लाख कोटी. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पन्नास लाख कोटी रुपयांच्या थोडा पुढे होता. रेणूमागे एक रुपया लावला तर एका बुडबुड्यात देशाचे जवळजवळ सव्वीस वर्षांचे अर्थसंकल्प निघतात. रेल्वे, संरक्षण, रस्ते, पगार, व्याज, सगळं धरून. एका बुडबुड्यात!

मोजायचेत ते रेणू? हिंजवडीहून पाषाण फार लांब नाही. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘अर्का’ हा महासंगणक आहे, २६ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राला अर्पण केलेला. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणितं. पावसाचा अंदाज बाजूला ठेवून त्याला एकच काम सांगा: या बुडबुड्यातला एकेक रेणू मोज. एका रेणूला एक गणित. तरी त्याला सेकंदाचा नववा भाग लागेल. तेवढ्यात आपला बुडबुडा मरून त्याच खड्ड्यातून त्याचे शंभरावर वंशज येऊन गेलेले असतील. देशातल्या बलाढ्य संगणकांपैकी एकाची मोजणी पूर्ण होण्याआधीच मोजायची वस्तू शंभरदा बदललेली!

आता एका बुडबुड्यावरून गर्दीकडे. एक चौरस सेंटिमीटर जागा घ्या, करंगळीच्या नखाएवढी. तिच्यातून शंभर वॅट उष्णता बाहेर काढायची आहे, आणि हे काम नुसत्या वाफेने करायचं असं ठरवलं. एक बुडबुडा एका फेरीत जेवढी उष्णता उचलतो ती पाहता सेकंदाला अकरा लाखांच्या वर बुडबुडे लागतील. नखाएवढ्या जागेवर, दर सेकंदाला, अकरा लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक माणसामागे एक बुडबुडा वाटायचा तर या नखाला किती वेळ लागेल? ९९ सेकंद.

खरं सांगायचं तर प्रत्यक्षात इतके लागत नाहीत, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. बुडबुडा नुसती वाफ वाहून नेत नाही, तो ढवळतो. भिंत सोडून निघताना तापलेलं पाणी सोबत ओढतो, मागे रिकाम्या झालेल्या जागेत गार पाणी धावत येतं. गार प्रवाहातल्या उकळीत हे ढवळणंच बरंचसं काम करून जातं. म्हणजे बुडबुडा हमाल तर आहेच, वर पळी फिरवणारा आचारीही आहे, आणि पगार एकाच मिलिसेकंदाचा.

इथवर सगळं गोड. पण फट अरुंद आहे हे विसरू नका.

पाण्यातला बुडबुडा मोकळ्या भांड्यात सोडला तर त्याला साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत फुगावंसं वाटतं. फट धरा एक मिलिमीटरची, कधी अर्ध्या मिलिमीटरची. मग तो चेपतो, लांब होतो, आणि सगळा रस्ता अडवून बसतो. आता १,६७० चा तो आकडा पुन्हा काढा; पाणी आधीच उकळतं असेल तर तो साधारण १,६०० वर येतो. एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर उंच अशा बोळात एक मिलिमीटर लांबीचं उकळतं पाणी आहे. ते वाफ झालं की बोळात त्याची लांबी किती होईल? १,६०० मिलिमीटर. एका मिलिमीटरचे एक मीटर साठ सेंटिमीटर! वाकड पुलाच्या अलीकडे एक गाडी उभी आहे, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिच्या जागी १,६०० गाड्या. गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट पाच मीटर धरा. आठ किलोमीटर. हिंजवडीच्या फेज थ्रीपासून शिवाजी चौक धरून वाकड पुलापर्यंत जवळजवळ सगळा रस्ता बंद, आणि गाड्या पुढेच जातील असंही नाही, जागा मिळेल तिकडे, मागेसुद्धा ढकलल्या जाणार. अरुंद बोळात नेमकं हेच होतं. वाफ उलटी घुसते, येणारं पाणी मागे रेटलं जातं, शेजारच्या बोळातला प्रवाह बिथरतो.

रोज संध्याकाळी सहा वाजता भूमकर चौकात अडकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की बोळातली कोंडी सुटते, आणि ती गारव्यामुळे सुटते. मधला प्रवाह गार आहे म्हणून १,६०० गाड्यांची पुन्हा एक गाडी होते. कोंडी झाली, सुटली, झाली, सुटली, सेकंदाला शेकडो वेळा. प्रवाहाचा हा गारवा हाच इथला ट्रॅफिक पोलीस.

आणि तो पोलीस कमी पडला तर? बुडबुडे मरायच्या आत नवे येतात, एकमेकांना चिकटतात, आणि भिंतीवर वाफेचं अखंड पांघरूण पसरतं. वाफ पाण्याच्या तुलनेत सत्तावीस पट वाईट उष्णतावाहक. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारला की थेंब न आटता नाचत राहतो, तो याच पांघरुणावर. तव्याला त्याचं काही वाटत नाही. पण जिथे मागून उष्णतेचा मारा थांबत नाही तिथे धातू क्षणात शेकडो अंश चढतो. जपानच्या शिरो नुकियामांनी १९३४ मध्ये पाण्यात तापवलेल्या तारांवर उकळीचा आलेख काढला तेव्हा ही पायरी ओलांडणारी तार सरळ वितळायची. पाण्यात बुडालेली तार, वितळून! साध्या स्थिर पाण्यात ही मर्यादा चौरस मीटरला साधारण अकरा लाख वॅटवर येते. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटचं. म्हणजे डोक्यावर अकराशे सूर्य एकदम तळपले तरी भांड्यातलं साधं पाणी तोवर धातूला वाचवतं. अकराशे सूर्य. आणि हा आपला सगळ्यात खालचा आकडा आहे.

(जाता जाता तारापूर. तिथल्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच. इंधनाच्या कांड्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी खालून वर जातं आणि जाता जाता उकळू लागतं. पण तिथे दाब हवेच्या सत्तरेक पट. तेवढ्या दाबाखाली १,६०० पटीचा राक्षस चेपून वीस पटीवर येतो आणि पाणी उकळतं २८५ अंशांना.)

आता या, हिंजवडीत परत या, काचेच्या इमारतींत. इथे इंजिन नाही, धूर नाही, पण उष्णता? एनव्हिडियाची एच-१०० ही चिप घ्या. ८१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढी. तिच्यावर आठ हजार कोटी ट्रान्झिस्टर, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे दहा. पूर्ण जोरात चालली की सातशे वॅट. घरातली इस्त्री तळाच्या चौरस सेंटिमीटरमागे सहाएक वॅट सोडते. ही चिप सोडते ८६. इस्त्रीच्या चौदा पट, आणि वर अट ही की तिला इस्त्रीच्या निम्म्यानेही तापू द्यायचं नाही!

अशा नव्या पिढीच्या ७२ चिपा एका कपाटात बसवतात. एका रॅकला १२० किलोवॅट. दोन किलोवॅटचे साठ गीझर एका गोदरेजच्या कपाटात कोंबून सगळे एकदम चालू करा, तेवढे. दिवसाला २,८८० युनिट. महिन्याला दोनशे युनिट वापरणारं घर त्यावर चौदा महिने चालेल. एका दिवसाच्या विजेत, चौदा महिने. पंख्याने हे काम होत नाही, म्हणून चिपेवर बारीक बोळांची धातूची पट्टी बसवून आतून पाणी फिरवतात. हे पाणी दहा अंशांनी तापू दिलं तर एका रॅकमधून तासाला किती फिरवावं लागेल? दहा हजार लिटरच्या थोडं वर. एक टँकर! एका कपाटासाठी, दर तासाला, फिरून फिरून एक टँकर. आणि तेवढीच उष्णता सगळी वाफ करून न्यायची ठरवली तर? १९१ लिटर. टँकरच्या जागी एक ड्रम. आज बहुतेक ठिकाणी या पट्ट्यांत पाणी न उकळताच फिरवतात, पण टँकर आणि ड्रम यांतला फरक एकदा पाहिला की उकळीच्या मागे माणसं का लागली आहेत ते विचारावं लागत नाही.

अरुंद बोळाची ताकद दिसली ती १९८१ मध्ये. स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीस यांनी सिलिकॉनमध्ये पन्नास मायक्रॉन रुंदीचे बोळ कोरले, केसापेक्षा बारीक, आणि नुसत्या वाहत्या पाण्याने चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उचलून दाखवले. भर दुपारचे ७,९०० सूर्य. न उकळता!

मग उकळीसकट किती? दम धरा.

१९९९ मध्ये इसाम मुदावर आणि मॉरिस बॉवर्स यांनी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातून एक आकडा प्रसिद्ध केला. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी, ०.४०६ मिलिमीटर आतला व्यास. तीतून गार पाणी सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर. त्या वेगाने गाडी सुटली तर मुंबई-पुणे पंचवीस मिनिटांत. नळी तापवत न्यायची, भिंतीवर बुडबुड्यांचा दंगा वाढू द्यायचा, आणि ते वाफेचं पांघरूण पसरेपर्यंत, म्हणजे नळी जळायच्या काठापर्यंत, किती उष्णता पाण्याने उचलली ते मोजायचं. उत्तर आलं: चौरस मीटरला २७ कोटी ६० लाख वॅट.

नखाएवढ्या जागेवर हे होतात २७.६ किलोवॅट. दोन किलोवॅटचे चौदा गीझर, एका नखावर! २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हिंजवडीत १६.४ एकर जमीन ५२० कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या भावाने नखाएवढ्या जमिनीची किंमत आठ रुपयांनाही थोडी कमीच पडते. आठ रुपयांच्या जागेत चौदा गीझर.

भर दुपारच्या सूर्यांत मोजाल तर दोन लाख ७६ हजार सूर्य. पण आता इतक्या लांबून कशाला, थेट सूर्यावरच जाऊ. सूर्याचा पृष्ठभाग, तो साडेपाच हजार अंशांचा, चौरस मीटरला सुमारे सहा कोटी तीस लाख वॅट बाहेर टाकतो. परड्यूच्या नळीतल्या पाण्याने उचलले त्याच्या सव्वाचार पटीहून जास्त. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा चौपट मारा, आणि समोर उभं कोण, तर नळाला येतं तसलं पाणी!

अजून एक चढू. कोयना. महाराष्ट्राचं कोयना जलविद्युत केंद्र, सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. डोंगराच्या पोटातली सगळी जनित्रं एकदम पूर्ण जोरात चालवा आणि ती सगळी वीज एका जागी उष्णता म्हणून ओता. परड्यूच्या हिशेबाने ती उचलून न्यायला किती जागा लागेल? सात चौरस मीटर आणि वर थोडी. फुटांत शहात्तर. हिंजवडीतल्या टू-बीएचकेचं स्वयंपाकघर! अख्खं कोयना, ओटा आणि फ्रिजच्या मधल्या फरशीवर.

अर्थात खऱ्या नळीत कोयना नव्हतं. ती इतकी बारीक की तिच्या एका मिलिमीटर लांबीत पाण्याला ३५० वॅट मिळतात, दोन मिलिमीटरला एक मिक्सर. आणि त्या मिलिमीटरमध्ये पाण्याचा थेंब थांबतो किती वेळ? सेकंदाचा लाखावा भाग, त्याहूनही थोडा कमी. बाहेरून सूर्याच्या चौपट आग, भिंतीवर जन्मणारे आणि मरणारे बुडबुडे, आणि या सगळ्यातून तो एक मिलिमीटर पार करताना मधलं पाणी तापतं जेमतेम पाच-सहा अंशांनी.